फडक्यात बांधलेलं औषध

"लेख? कुणी लिहिला लेख? आमच्या म्हातारीनं?"

"आबा, आधी फोन द्या इकडं."

"न्हाय देत. वाचतोय न्हवं मी? 'आदरणीय आक्काबाई, आपला लेख प्रकाशनासाठी स्वीकारण्यात आला आहे.' आदरणीय! जलम गेला मेंढरांमागं, कुणी आदरणीय म्हटलं न्हाय. आन् आता फोन म्हणतोय."

"चांगलंच म्हणतोय की मग."

"पुढं ऐक. 'मेंढ्यांच्या जखमेतील किड्यांवरचे वनौषध, निमगाव केतकी परिसरातील नोंद. लेखक, आक्काबाई आणि प्रतिक्षा.' ह्यातली प्रतिक्षा म्हंजी तूच, का दुसरी कुणी हाय गावात?"

प्रतिक्षानं ओढणीचं टोक दातात धरलं. तिच्या वडिलांच्या, दादासोंच्या, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात गाईचं दावं. गाय दाव्याला हिसके देत होती आणि प्रत्येक हिसक्याला दादासोंचा आवाज वर चढत होता. शेजारच्या पानमळ्यातली पानं तोडणारी बाई हात थांबवून, पण मान खालीच ठेवून, सगळं ऐकत होती.

चूक प्रतिक्षाचीच होती, आणि ती तिच्या आत्ता ध्यानात येत होती. बारामतीच्या ज्या महाविद्यालयात ती कामाला होती, तिथलं मराठी संशोधनाचं नियतकालिक एका सॉफ्टवेअरवर चालायचं. लेख आला, तज्ज्ञांकडे गेला, दुरुस्त झाला, छापून जगासमोर गेला, सगळं त्यातच. त्या सॉफ्टवेअरची एक अट होती. प्रत्येक लेखकाचा ईमेल पत्ता भरल्याशिवाय ते पुढं सरकायचं नाही. आता आक्काबाईंचा ईमेल कुठून आणायचा? प्रतिक्षानं आबांचा घातला. डाळिंबाच्या विम्यासाठी तिनंच तो कधीतरी उघडून दिलेला. लेख स्वीकारला की सॉफ्टवेअर सगळ्या लेखकांना आपणहून कळवतं, हे तिला पाठ होतं. पण इंग्रजीतलं काहीही आलं की आबा ते बँकेचं समजून पुसून टाकतात, या भरवशावर ती निश्चिंत होती. फक्त एक गोष्ट ती विसरली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, साध्यासुध्या लेखकालाही कळावं म्हणून, त्या सॉफ्टवेअरमधली पत्रं ओळ न् ओळ मराठीत आणली होती ती तिनंच.

आबांना कळलं. अगदी स्वच्छ कळलं.

"त्यात झाडाचं नाव हाय?"

"हाय."

"मराठीतलं?"

"मराठीतलं, आन् शास्त्रातलं पण. फोटो हाय. पाला किती, मूळ किती घ्यायचं, कशात वाटायचं, समदं हाय."

दादासो मटकन गव्हाणीच्या कट्ट्यावर बसले. दावं सुटलं. गाय मोकळी झाली आणि कुठंच गेली नाही, तिथंच उभी राहून बघत बसली.

"अगं, ते नाव माझ्या आयेनं मला सांगितलं न्हाय. पोटच्या पोराला! सुनेला द्यायचं असतंय ते. आवसंच्या दिवशी, कानात. तुझ्या आईला दिलं, तर तिच्या हाताला गुण आला न्हाय..."

"गुण आला न्हाय का येऊ दिला न्हाय, ते मला ठावं हाय," आतून प्रतिक्षाच्या आईचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ भांडं आपटल्याचा.

"तू मधी बोलू नगंस! तर आता तुझ्या भावाची, ऋषिराजची बायको येईल तिला देणार हाय म्हातारी. आन् तू? लेकीला सांगायचं न्हाय म्हणून सांगितलं न्हाय, तर तू जगाला सांगत सुटलीस!"

"सांगितलं न्हाय, पण वाटून कुणाकडनं घेतलं? आजीच्या पाट्यावर लहानपणापासून मीच वाटलंय ते. तेवा लेक चालत हुती?"

"वाटणं येगळं."

"काय येगळं? हात माझे हिरवे झाले. वास आठ-आठ दिवस जायचा न्हाय. वर्गातल्या पोरी नाक धरायच्या."

"ते फुकट देतोय आपण! आजपतूर रुपया घेतला न्हाय कुणाकडनं. आनखी काय उपकार करायचे जगावर?"

"फुकट हाय आबा, पण उघडं न्हाय. हे दोन येगळं असतंय."

"काय येगळं असतंय?"

"आजी वाटून फडक्यात बांधून देती. घेणाऱ्यानं बघायचं न्हाय, इचारायचं न्हाय. आजी आजारी पडली तर मेंढरू मेलं. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते ना, ते पण फुकट हाय. पण ते फडकं सोडून देतात. आत काय हाय बघ म्हणतात. बदल म्हणतात. म्हणून तर मला त्यात मराठी घालता आलं."

"आन् उद्या एखाद्या कंपनीनं तुझं फडकं उचललं आन् बाटलीत भरून इकलं तर?"

"छापून उघडं ठेवलं की 'हे आमीच शोधलं' असं त्यांना म्हणता येणार न्हाय."

"इकता तर येईल?"

प्रतिक्षाला खोटं बोलायचं नव्हतं. "येईल," ती म्हणाली.

दादासोंनी मान हलवली. मग अगदी हळू, जणू आधीचं सगळं भांडण ह्या एका प्रश्नाकडे येण्यासाठीच होतं, त्यांनी विचारलं, "आयेला इचारलंस?"

तिनं स्कूटीची चावी काढली. बारामतीला निघायला उशीर होतोय, असं काहीतरी ती पुटपुटली. उशीर अजिबात झाला नव्हता.

प्रतिक्षाला एका जागी बसलेलं कुणी फारसं पाहिलेलं नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तिची खुर्ची आहे, पण तिच्यावर बहुतेक वेळा तिची पिशवीच बसलेली असते. ती उभ्यानं काम करते, उभ्यानं डबा खाते, फोनवर बोलताना जिन्यावरून वरखाली करते. सकाळी निमगावहून निघून शेळगाव, लासुर्णे, भवानीनगर करत बारामती, संध्याकाळी परत. उसाच्या ट्रॉल्या चुकवत, कुणाला तरी काहीतरी ऐकवायचं राहून गेल्यासारखी ती गाडी मारते. "हिच्या पायाला मेंढरं बांधलेली हायत, कळप गेला पण चालणं गेलं न्हाय," असं आक्काबाई म्हणायच्या.

कळप दादासोंनी विकला तेव्हा ती शाळेत होती. त्याच्या आदल्या वर्षी कुठल्यातरी मोठ्या संस्थेची माणसं जीपमधून आली होती. मेंढ्यांच्या खुरांच्या रोगाचा अभ्यास करतोय म्हणाली. मेंढ्यांचं रक्त घेतलं, चहा घेतला, प्रतिक्षाला एक पेन दिलं आणि गेली. पुढं ग्रंथालयाची पदविका करताना तिला इंटरनेटवर तो अभ्यास सापडला. इंदापूर तालुक्याचं नाव ठळक दिसत होतं. तिनं बोट टेकवलं, तर पुढं पाटी आली, वाचायचं असेल तर डॉलर भरा. आपल्याच मेंढ्या, आपलंच अंगण, आणि दाराला बाहेरून कुलूप! त्या दिवशी ती ग्रंथालयातून उठून बसस्थानकापर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली. कशासाठी गेली होती, तिचं तिलाच सांगता आलं नाही.

म्हणूनच महाविद्यालयानं नियतकालिक ऑनलाइन करायचं ठरवलं आणि सगळ्या प्राध्यापकांनी एकमेकांकडं बघितलं, तेव्हा तिनं हात वर केला. सॉफ्टवेअर तिचं तिनंच बसवलं. पहिल्यांदा मराठी लेख चढवला तर जोडाक्षरांच्या चिंध्या झाल्या. 'विद्यार्थी' शब्द तर ओळखूच येईना. तिनं मोडक्या इंग्रजीत त्या सॉफ्टवेअरच्या मंडळींच्या ऑनलाइन फलकावर प्रश्न टाकला. नेपाळातल्या कुणा अनोळखी माणसानं उत्तर दिलं, चार वेळा दिलं, वैतागला नाही. जोडाक्षरं जुळली. त्याला ती कधी भेटली नाही, भेटणारही नाही. पण तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच वेड शिरलं, की असं सगळंच असलं पाहिजे. कुणीही यावं, बघावं, न्यावं, भर घालावी. जे जे दडवलेलं दिसेल ते उघडावं असं तिच्या बोटांना होऊ लागलं.

अशा बोटांना आजीच्या पाट्यावरचा तो हिरवा लगदा आठवला, यात नवल ते काय?

"विचारलं नाहीस?" डॉ. करुणा मॅडम खुर्चीतून उठल्याच. त्या वनस्पतीशास्त्र शिकवत आणि नियतकालिकाच्या संपादक होत्या. प्रतिक्षानं आजीच्या पाट्याजवळून लपवून आणलेली डहाळी त्यांनीच ओळखून दिली होती. "प्रतिक्षा, लेख पाठवताना तिथं एक चौकट आहे. माहिती देणाऱ्याची संमती घेतली आहे. तू तिथं खूण केलीस."

"केली."

"ती चौकट मी घालायला लावली होती. तुझ्याकडून."

"मॅडम, आजी नाही म्हणणार हे मला माहीत होतं."

"म्हणून विचारलं नाहीस! वा. म्हणजे होय म्हणणार असेल त्यालाच विचारायचं."

"तिचं नाव पहिलं घातलंय मी. त्या जीपवाल्यांनी आमचं नाव कुठंच घातलं नव्हतं."

"त्यांनी तुझ्या वडिलांना विचारून रक्त घेतलं होतं. तू तेवढंही केलं नाहीस."

प्रतिक्षा खिडकीपाशी गेली, तिथून कपाटापाशी, कपाटापासून दारापाशी. कुठंच टेकवेना. मॅडमचं बोलणं कानशिलात बसल्यासारखं झालं होतं. आणि त्यातच एक वाईट विचार डोकावून गेला. अंक सोमवारी निघणार. प्रकाशित करायचं बटण कुणाच्या हातात? तिच्याच. आत्ता खाली जाऊन दाबलं, तर?

करुणा मॅडमनी जणू तो विचार तिच्या पाठीवर वाचला. "एकदा उघड्यावर गेलं की परत बोलावता येत नाही, तूच मला शिकवलंस. प्रती निघतात, साठवल्या जातात. मी रविवारी निमगावला येते. आजींच्या तोंडून, माझ्यासमोर, होय आलं तरच लेख जाईल. नाहीतर अंक त्याच्याशिवाय निघेल."

"आणि मॅडम, आपण दोघी गप्प बसलो आणि आजीबरोबर ते औषधच गेलं तर? माझा भाऊ तर लग्नच नको म्हणतोय."

"तर गेलं," करुणा मॅडम म्हणाल्या. पण म्हणताना त्यांचा चेहरा काही ठाम नव्हता.

रविवारी आक्काबाई पडवीत खाऊची पानं लावत बसल्या होत्या. मोठं पान खाली, लहान वर, देठ एका रेषेत. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, पण बोटं पोरीसारखी चालत होती. दादासो खांबाला टेकून उभे. हा निकाल त्यांना ऐकायचा होता. आईनं चहा आणून ठेवला आणि ती दारातच थांबली.

"मला लेखक केलीस म्हणं," आक्काबाईंनी नातीकडं न बघताच सुरुवात केली.

"आजी, तुझंच नाव पहिलं हाय."

"माझं नाव घातलंस आन् माझंच चोरलंस. शानी हायस!"

दादासो खुसकन हसले. प्रतिक्षाला हसू आलं नाही.

"आजी, चोरून ठेवायला न्हाय केलं. समद्यांना मिळावं म्हणून केलं."

"नाव तोंडातनं गेलं की गुण जातो."

"न्हाय जात. मॅडमनी ढोरांच्या डॉक्टरांना दाखवून वापरलं. झाडाचं नाव ठावं असून जखम भरली."

"कुणाचं मेंढरू व्हतं?"

"शेळगावच्या म्हस्कूतात्यांचं."

"म्हस्कूच्या कळपाला आजवर माझ्याच हातचं गेलंय. त्याचाच गुण राह्यला आसंल अंगात." आक्काबाईंनी पानांचा गठ्ठा उलटा केला. "हे बघा बाय, तुमी शिकलेल्या. आमचं साधं हाय. माझ्या सासूनं, साखरबाईनं, मला हे दिलं तेवा एकच सांगितलं. पैका घ्यायचा न्हाय आन् दारात आलेल्याला न्हाय म्हणायचं न्हाय. फलटणचा मेंढका येऊ दे, न्हायतर हायवेवरचा ट्रकवाला. भर जेवणातनं उठून दिलंय. एक माणूस ह्या दारातनं रिकामा गेला न्हाय. ह्याच्यापरीस उघडं आनखी काय असतंय? ही पोरगी म्हणती दार उघड. अगं, लावलं कधी व्हतं?"

प्रतिक्षानं मनात जुळवलेली सगळी वाक्यं ह्या एका वाक्यापुढं पोरकी झाली. तरी ती बोललीच. तिला गप्प राहता येत नसे. "दार उघडं हाय आजी. पण दाराशी यावं लागतंय. ज्याला तुझं दार ठावं न्हाय, त्यानं काय करायचं?"

"त्यानं त्याच्या गावातलं दार शोधावं. गावोगाव आसती आक्काबाई."

"आता नसती!"

"मग मी मेल्यावर टाक तुझा लेख. झालं?"

"झालं, मिटलं," दादासो म्हणाले आणि खांब सोडून निघालेच.

"तू मेल्यावर होय कोण म्हणणार? मॅडमला तुझ्याच तोंडनं पायजे!"

"आजी," करुणा मॅडम पहिल्यांदाच बोलल्या. चहाचा कप त्यांनी अजून उचलला नव्हता. "तुम्ही नाही म्हणालात तर लेख निघणार नाही. हिनं कितीही उड्या मारल्या तरी. ते ठरलंय. तुम्ही बिनघोर राहा."

आक्काबाईंना ते बोलणं आवडलं. त्यांनी पहिल्यांदा मान वर करून नीट बघितलं. "बोलतीस बरी. कुणाची गं तू? गाव कुठलं?"

"इथलीच. विहाराच्या मागं आमचं जुनं घर. आता इंदापूरला असतो आम्ही. बुद्धघोष माझे वडील."

"म्हंजी नानाच्यातली?"

"नानांची नात. लक्ष्मीबाईंची."

बोटं पानावर थांबली. अगदी क्षणभरच. मग पुन्हा चालू झाली, पण देठ आता एका रेषेत येईना. प्रतिक्षा मॅडमकडं बघत राहिली. मॅडम निमगावच्या आहेत हे तिला माहीत होतं. त्यापुढं तिनं कधी विचारलंच नव्हतं. सगळं उघडून बघायची सवय असलेल्या तिनं हे कसं विचारलं नाही, कुणास ठाऊक.

"चहा घे की. निवतोय," आक्काबाई म्हणाल्या.

"घेते. आजी, एक विचारू? लेखाशी याचा संबंध नाही. तुम्ही आत्ता म्हणालात, एक माणूस रिकामा गेला नाही म्हणून विचारते."

"इचार की."

"बहात्तरच्या दुष्काळात शेळीच्या जखमेत किडे पडले म्हणून माझी आजी इथं आली होती. आमच्या लोकांनी पडवीपर्यंत यायचं नसायचं. फडकं बांधावरच्या दगडावर ठेवायचे, बाजूला व्हायचे, मग आम्ही उचलायचं. पण तेव्हा आमच्या लोकांनी गावकीची कामं सोडून दिली होती. गाव रागात होता. आजी सकाळपासून बांधाशी उभी राहिली. इतर सगळ्यांना औषध मिळालं. उन्हं उतरल्यावर दारात एक नवी सून आली आणि म्हणाली, संपलं." करुणा मॅडमचा आवाज वर्गात शिकवावं तसा सरळ होता. "आमच्या घरात तेवढीच एक शेळी होती. ती गेली. माझी आजी शेवटपर्यंत शेळीचं दुःख करत नव्हती. ती एवढंच म्हणायची, झाडाचं नाव कुणी सांगितलं असतं तर मीच उपटून आणलं असतं. आमच्याच वस्तीच्या कडेला उगवत होतं ते. ते मला आता, प्रतिक्षानं डहाळी आणल्यावर कळलं."

दादासोंनी घसा खाकरला. "मॅडम, ते जुनं... त्या वक्ताला समदीकडंच..."

"मी त्यांना विचारतेय, दादासो." करुणा मॅडमनी आक्काबाईंवरची नजर हलवली नाही. "ती नवी सून तुम्हीच ना? मला भांडायचं नाही, आजी. फक्त सांगा. त्या दिवशी खरंच संपलं होतं का?"

आई दारातून एक पाऊल पुढं आली. पानमळ्यातून कुणीतरी कुणाला हाक मारली, ती इथपर्यंत आली आणि विरली.

आक्काबाईंनी मांडीवरची पानं खाली ठेवली. लावलेली आणि न लावलेली एकात एक झाली, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या. दादासो आधार द्यायला पुढं आले, तर त्यांचा हात त्यांनी बाजूला सारला. पदर डोक्यावर नीट ओढला, जसा परक्या माणसासमोर ओढावा.

"आजी," प्रतिक्षा म्हणाली. "लेखाचं काय करू?"

आक्काबाई पडवीची पायरी उतरल्या. चपला तिथंच होत्या, त्या घातल्या नाहीत. अंगण ओलांडून, गाईच्या गव्हाणीला वळसा घालून, त्या बांधावरच्या त्या दगडाच्या दिशेनं चालू लागल्या, आणि मागं वळून पाहिलं नाही.